घरघरीत हरवलेला 'र'

मी कॉफी दळणारी एक जुनी गिरणी आहे. पिठाच्या गिरणीची धाकटी बहीण म्हणा हवे तर, उंचीने लहान पण आवाजाने तिच्याहून वरचढ. मित्रांनो, हल्ली मी चेन्नईतल्या एका बड्या सुपरमार्केटात, गार हवेत, कॉफीच्या पाकिटांच्या फळीजवळ उभी असते. माझ्या अंगाला लाल रंग फासला आहे आणि डोक्यावरचे पितळी नरसाळे रोज पुसून लखलखीत ठेवतात. लोक माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढतात. त्या फोटोंत माझा आवाज नाही, कारण माझी मोटार काढून टाकली आहे.

पण मी जन्मले ती शोभेसाठी नाही. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत एका पत्र्याच्या शेडमध्ये शेषाद्री नावाच्या मिस्त्रींनी मला घडवले. माझ्या पोटात दोन दातेरी पोलादी चकत्या आहेत. एक स्थिर, एक फिरती. त्यांचे दात शेषाद्रींनी हाताने कानस मारून सारखे केले होते. पहिल्यांदा वीज जोडली तेव्हा मी अशी घरघरले की शेजारच्या शेडमधले लोक काम टाकून बघायला आले. शेषाद्रींना माझा आवाज कमी करायचा होता. मला घ्यायला आलेले राघोत्तमराव मात्र म्हणाले, "नक्को, असूं द्या. रस्त्यावरल्या माणसांस कळूं द्या, इथें ताजी काफी आहे म्हणून." हा आवाज पुढे कोणाच्या मुळावर येणार आहे, ते तेव्हा आम्हा तिघांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते.

राघोत्तमराव तंजावरकडचे मराठी. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी तिकडे गेले आणि तिथलेच झाले. बाहेर तमिळ, घरात मराठी. तीही अशी जुनी की ऐकताना वाटावे, पेटीच्या तळातून काढली आहे. चेन्नईच्या कडेला, पेरुंगुडीच्या एका गल्लीत त्यांनी दुकान थाटले आणि बायकोच्या नावावरून त्याचे नाव ठेवले 'जयंती काफी'. तेव्हा तिथे तळे होते, भाताची शेते होती आणि मोजकी घरे होती. मी सकाळी सहाला सुरू झाले की बसच्या थांब्यावरची माणसे घड्याळ लावून घेत. मित्रांनो, थोडी फुशारकी मारते, पण त्या गल्लीला माझाच वास यायचा.

दुकानात दोन गोष्टींना फार मान होता. पहिली म्हणजे प्रत्येक घराची वेगळी काफी. कोणाला गोल दाण्याची, कोणाला चपट्या दाण्याची, कोणाला दोन्ही निम्मी निम्मी, कोणाला चिकोरीच्या मुळांची पूड जास्त, कोणाला अजिबात नाही. हे कुठेही लिहिलेले नव्हते. माणूस पायरी चढला की रावांचा हात आपोआप माझ्या भरड-बारीक ठरवणाऱ्या चाकावर जायचा आणि त्या घराच्या खुणेवर थांबायचा. धनलक्ष्मी टीचर वर्षानुवर्षे बिनचिकोरीची नेत. सासूबाई वारल्यावर महिन्याभराने त्या आल्या आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "आता थोडी चिकोरी घाला." राव हसले नाहीत. त्या गेल्यावर मात्र आम्ही दोघेही हसलो.

दुसरी गोष्ट म्हणजे आठ दिवसांचा नेम. दाणे भाजल्यापासून आठ दिवसांच्या पुढची काफी राव विकत नसत. मागच्या खोलीत भाजायचा लोखंडी ड्रम होता. तो निदान अर्धा भरला नाही तर दाणे करपत. म्हणजे ड्रम भरायला पुरेशी घरे हवीत आणि आठ दिवसांत ते संपवायलाही पुरेशी घरे हवीत. हे नीट लक्षात ठेवा मित्रांनो, कारण आमच्या दुकानाचा जीव एवढ्याच गोष्टीत होता. एक घर कमी झाले की बाकीच्यांची काफी थोडी शिळी व्हायची.

मग तळ्याच्या काठाने काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. त्यांत काम करायला कुठून कुठून तरुण माणसे आली. त्यांतलीच एक ऋजुता. पुण्याहून नवऱ्याबरोबर, यशबरोबर, आली होती. एका दुपारी आमच्या दुकानाच्या सावलीला उभी राहून ती फोनवर आईशी बोलत होती. "नाही गं, इथे कोणाशी मराठी बोलायला मिळत नाही," असे काहीतरी. फोन ठेवून वळते तो राव समोर.

"काय होणा, बाई?"

ती दचकली. "कशाचं काय होणार?"

"होणा, होणा! तुम्हांस काय होणा?"

"मला काय होणारे? मी बरी आहे," ती म्हणाली आणि दोन पावले मागे सरकली. आतून जयंतीबाई पदराने हात पुसत धावत आल्या. आमच्याकडे 'होणा' म्हणजे 'पाहिजे', असे त्यांनी समजावले तेव्हा ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आले. ते सगळे हसण्याचे नव्हते. आठ महिन्यांत पहिल्यांदा तिला कोणी मराठीत काय पाहिजे म्हणून विचारले होते.

खरे तर ती चहा पिणारी. रावांनी तिला पितळी फिल्टर दाखवला, काफीचा दाट अर्क, डिकॉक्शन, कसा काढायचा ते शिकवले आणि तिच्या घराची खूण ठरवून टाकली. तीन भाग गोल दाणा, एक भाग चपटा, चिकोरी नावाला. दर शनिवारी ती यायची. येताच रावांच्या आधी तीच विचारायची, "काका, काय होणा?" राव म्हणायचे, "गिऱ्हाईक होणा!" आणि दोघे हसायचे. तिची लेक सावनी पोटात होती तेव्हा राव तिला फक्त छटाकभर देत. "पुष्कळ झाली. पोदुम," म्हणत आणि पिशवीत जयंतीबाईंनी केलेली आंबट-गोड चटणी घालत. सावनी झाल्यावर तिला पहिल्यांदा कडेवर घेऊन ऋजुता देवळात गेली आणि परतताना दुकानात आली. रावांनी माझे बटण दाबून बाळाला माझा आवाज ऐकवला. बाळ रडले नाही. तेव्हापासून माझा तिच्यावर जीव आहे.

मुख्य रस्त्यावर सुपरमार्केट उघडले तेव्हा आम्ही घाबरलो नाही. घाबरायला हवे होते. आधी माणसे फक्त साबण आणि तेल आणायला तिकडे जात. मग गाडी लावायला जागा आहे म्हणून जाऊ लागली. मग एवढे घेतलेच आहे तर कॉफीचे पाकीटही टाकू, असे झाले. भांडून कोणी गेले नाही. भांडले असते तर रावांनी समजूत काढली असती.

मध्ये टाळेबंदी आली. सुपरमार्केटच्या दारात लांब रांगा आणि फळ्या रिकाम्या. राव तोंडाला फडके बांधून जुन्या मोपेडवरून घरोघर फिरत. कॉफीबरोबर कोणाचे औषध, कोणाचे दूध. इमारतींच्या गच्च्यांवरून लोकांनी त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी त्यांचा फोटो काढून सगळीकडे फिरवला. "राव काका, तुम्हाला कधी विसरणार नाही," असे कितीतरी जण म्हणाले. विसरले नाहीत, हे मी खरेच सांगते. सगळ्यांना ते आठवत होते. फक्त कोणी येत नव्हते.

ऋजुतासुद्धा. कामाचे तास वाढले होते. फोनवर बोट ठेवले की दहा मिनिटांत पाकीट दारात. गल्लीतून जाताना ती गाडीची काच खाली करून ओरडायची, "काका, पुढच्या शनिवारी नक्की!" राव हात हलवायचे. तिच्या घराच्या खुणेवर माझ्या चाकाला गंज चढू लागला. राव दर शनिवारी तिथे तेलाचा थेंब सोडत.

रावांचा ड्रम आठवड्यातून दोनदा तापायचा तो एकदाच तापू लागला. उरलेली काफी नवव्या दिवशी ते बाजूला काढत आणि जयंतीबाई ती झाडांच्या मुळांत घालत. दुकानाच्या दारातला मोगरा तेव्हा जसा फुलला तसा कधीच फुलला नव्हता. एके दिवशी राव जयंतीबाईंना म्हणाले, "दसऱ्यापर्यंत पाहूं. ड्रम भरत नसला तर शिळी काफी विकण्यापेक्षां दार लावूं."

आता सांगते ती गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. मला सांगता येत नाही म्हणून नव्हे. लाज वाटते म्हणून.

गणपती पंधरा दिवसांवर आले होते. ऋजुताच्या इमारतीत चाळीसएक मराठी कुटुंबे पाच दिवस गणपती बसवत. त्या मंगळवारी मी एका गिऱ्हाइकाची काफी दळत होते, अगदी जोरात. तेवढ्यात रावांचा फोन वाजला. मित्रांनो, तीस वर्षांहून जास्त काळ माझ्या शेजारी उभे राहून रावांचा डावा कान पूर्ण गेला होता आणि उजवा अर्धा. म्हणून ते फोनचा आवाज मोठा करून ठेवत. मी त्याच्या अगदी जवळ होते. मी नीट ऐकले.

ऋजुता म्हणाली, "काका, गणपतीला पाच किलो कॉफी होणार ना?"

ती नुसती विचारत होती. होईल का, जमेल का, एवढेच. पण माझ्या घरघरीत तो एक 'र' गेला. रावांना ऐकू आले ते असे, "गणपतीला पाच किलो कॉफी होणा ना?"

"होणा? सरी, सरी!" राव केवढ्याने ओरडले. "पाच किलो! करितों बाई, ताजी भाजितों!"

"थँक्यू काका! मग मी सांगते तुम्हाला," ती म्हणाली. पण तोपर्यंत फोन खाली गेला होता आणि राव आत धावले होते. "जयंती, अगे जयंती, बाईंस पाच किलो होणा! चाळीस घरें पितील!" मी थांबायला हवे होते. पण मला थांबवणारा हात बटणावरून निघून गेला होता, म्हणून मी रिकामीच फिरत राहिले.

मग असे दिवस आले की विचारू नका. राव गुणगुणत होते. चाळीस घरांनी एकदा आपली काफी प्यायली तर दहा तरी पायरी चढतीलच, ड्रम पुन्हा भरेल, दसऱ्याचे बोलणे विसरून जाऊ, असे ते जयंतीबाईंना पुन्हा पुन्हा सांगत. त्यांनी माझ्या चकत्या काढून घासल्या. गणपतीच्या आधीच्या शुक्रवारी ड्रम काठोकाठ भरला. दाणे तडतडले, वास थेट मुख्य रस्त्यापर्यंत गेला. ऋजुताच्या खुणेवर चाक लावून मी दिवसभर दळले. जयंतीबाईंनी अर्ध्या अर्ध्या किलोच्या दहा पुड्या बांधल्या आणि प्रत्येकीवर बोटाने कुंकू लावले, देवाकडे जायच्या म्हणून.

शनिवारी ऋजुता आली नाही. रविवारीही नाही. मंगळवारी गणपती बसले.

काय झाले ते जयंतीबाईंना फुलवालीकडून कळले. सुपरमार्केटने इमारतीच्या गणपतीला पाचही दिवस कॉफीचे यंत्र फुकट दिले होते. त्या बदल्यात मांडवावर त्यांचा फलक लावायचा. ऋजुताचा नवरा यश ज्या समितीत होता तिने हो म्हटले. यात कोणाची काय चूक? ऋजुताने तर फक्त चौकशी केली होती. तिच्या लेखी आमच्याकडे काही ठरलेच नव्हते.

"फोन करा त्यांस," जयंतीबाई म्हणाल्या.

"नक्को. विसरल्या असतील. आठवण केली तर लाज वाटेल त्यांस, देवाचे दिवस आहेत," राव म्हणाले आणि पुड्या फळीवर सरळ रांगेत लावत बसले.

ते रोज सकाळी पुड्यांना हात लावून बघत. सहावा दिवस, सातवा, आठवा. नवव्या दिवशी दुपारी मांडवातून आरती ऐकू येत होती. राव पायरीवर बसले होते. मी त्यांना कधी रडताना पाहिले नव्हते. त्या दिवशीही ते रडले नाहीत. त्यांनी दहाही पुड्या उघडल्या आणि एकेक करून मोगऱ्याच्या मुळांत ओतल्या. जयंतीबाई दारात उभ्या राहून रडल्या. मला रडता येत नाही, मला फक्त घरघरता येते, आणि त्या दिवशी मी तेही करू नये असे मला वाटत होते.

दसऱ्याला माझी पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडूची माळ. दुसऱ्या दिवशी दार लागले ते लागलेच. दुकान बंद झाल्याचा फोटो सगळ्यांच्या फोनवर फिरला. कितीतरी लोकांनी रडके चेहरे टाकले, 'आमचं बालपण संपलं' असे लिहिले. त्यातल्या बहुतेकांना मी तीन-चार वर्षांत पाहिले नव्हते. मुलगा श्रीवत्स आईवडिलांना शहराबाहेर सिरुसेरीला आपल्या घरी घेऊन गेला. मला भंगारवाल्याने नेले, आणि त्याच्याकडून सुपरमार्केटच्या सजावटवाल्याने. ज्यांच्यामुळे मी मुकी झाले त्यांच्याच दारात मला मान मिळाला. यावर हसावे की काय, मला अजून कळलेले नाही.

गेल्या रविवारी सकाळी राव आले.

मी त्यांना चालीवरून ओळखले. हातात टोपली, टोपलीत कॉफीचे एक पाकीट. उजव्या कानाला ऐकण्याचे छोटे यंत्र लावलेले. माझ्यासमोर ते थांबले. बराच वेळ बघत राहिले आणि मग त्यांचा हात माझ्या चाकावर आला. बरोबर ऋजुताच्या घराच्या खुणेवर.

"तोडादींग सार," पहारेकरी म्हणाला. हात लावू नका म्हणे. रावांनी हात मागे घेतला. माझ्यावरचा रावांचा हात कोणीतरी काढायला लावला, मित्रांनो. मी सगळे सोसले, हे सोसवले नाही.

"काका?"

मागे ऋजुता उभी होती आणि तिचे बोट धरून सात वर्षांची सावनी. ऋजुताच्या टोपलीतही कॉफीचे पाकीट होते. तिने ते भाजीच्या जुडीखाली ढकलले. रावांनीही आपली टोपली पाठीमागे नेली. दोघांना एकमेकांची लाज वाटली.

"काका, तुम्ही दुकान बंद केलंत, मला काही सांगितलंसुद्धा नाही," ती म्हणाली.

"तुम्हीही त्या पाच किलोंचें सांगितलें नाहीं, बाई." राव तक्रार करत नव्हते. हसत म्हणाले. "जयंतीनें कुंकू लावून ठेविली होती."

ऋजुताला आठवायला वेळ लागला. मग तिचा चेहरा उतरला. "मी... मी नुसतं विचारलं होतं, काका. 'होणार ना?' म्हणून."

"होणार," राव म्हणाले. त्यांनी कानाच्या यंत्राला बोट लावले. "पुन्हा म्हणा?"

"होणार ना."

"आतां ऐकूं आला 'र'," राव म्हणाले. "मला 'होणा' ऐकूं आलें होतें."

ऋजुता तिथेच, फळ्यांच्या मध्ये, तोंडावर हात ठेवून रडू लागली. राव तिची समजूत काढत राहिले. कान माझा गेला, तुमचा काय दोष, असेच म्हणत राहिले. मी बाजूला उभी होते आणि मला ओरडून सांगायचे होते की दोष कानाचा नाही, माझा आहे. पण दुसरेही एक खरे आहे, ते आज तुम्हाला सांगते. ऋजुता त्या मंगळवारी पायरी चढून आली असती, तर रावांनी मला बंद करून तिचे बोलणे ऐकले असते. समोरच्या माणसाशी बोलताना ते नेहमी मला बंद करत.

"जयंतीकाकू कशा आहेत? कॉफी कुठली घेता आता?" तिने डोळे पुसत विचारले.

"ती सोडली तिनें. गरम पाणी पिते," राव म्हणाले. "मी पितों. काय करूं, सवय."

सावनी एवढा वेळ माझ्याभोवती फिरत होती. तिने माझ्या नरसाळ्यात नाक घातले. "आई, याला वास येतो! आजोबा, चालू करा ना हे."

आणि मित्रांनो, राव खरोखर खाली वाकले. गुडघ्यावर हात टेकून त्यांनी माझ्या मागे वायर शोधली. मोटारीच्या जागी पोकळ पत्रा होता, त्यावर हात फिरवला. मग हळूहळू उठले. "नाहीं होणार, कण्णा," ते सावनीला लाडाने म्हणाले. या वेळी 'र' स्पष्ट होता.

मोठ्या दुकानात जाऊ नका, असे मी सांगणार नाही. घाई असते, ऊन असते, तुमच्या अडचणी तुम्हाला ठाऊक. एवढेच सांगते की एखाद्या छोट्या दुकानाबद्दल तुम्हाला माया वाटत असेल, तर ती फोटोखाली लिहू नका. या आठवड्यात तिथली पायरी चढा, पुढच्या नको. तिथे कोणीतरी तुमच्या घराच्या खुणेवर तेलाचा थेंब सोडत बसले असेल.

सजावटवाल्यांनी मला बाहेरून रंगवले, पण आतून उघडलेच नाही. माझ्या चकत्यांच्या दातांत त्या पाच किलोंमधली चिमूटभर पूड अजून आहे. आठ दिवस कधीच उलटून गेले. राव माझ्याशेजारी असते तर त्यांनी ती कोणाला दिली नसती. पण सावनीने वास घेतल्यापासून मला राहवत नाही, म्हणून त्यांच्याच शब्दांत विचारते. कोणाला होणा?